चिमणीच्या शिडाचं अस्तर

शिडं शिवणाऱ्या माणसालाच बोट लागावी, यापेक्षा मोठी थट्टा कोणती? टाकेबुवांच्या बाबतीत ती झाली होती. धक्क्यावर उभं राहून नुसतं डुलणारं गलबत पाहिलं तरी त्यांच्या पोटात ढवळायला लागायचं. वडील खलाशी, काका खलाशी, आजोबा तर सुकाणू धरूनच म्हातारे झालेले. अशा घरातला हा मुलगा पहिल्याच खेपेत पिवळाधमक होऊन परतला, आणि वडिलांनी त्याला तसाच दंडाला धरून शिडं शिवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराच्या माळ्यावर नेऊन बसवलं. "ह्याला जमिनीवरचं काहीतरी शिकवा," ते म्हणाले, "समुद्राने ह्याला परत पाठवलाय."

टाकेबुवा हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. उसवलेला टाका दिसला की तो कुणाचाही असो, त्यांना राहवत नसे. एकदा दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाची बाही त्यांनी त्याच्या अंगावरच शिवून टाकली होती. तो बिचारा ताप दाखवायला आला होता. बाही शिवून झाल्यावर त्याने घाबरत घाबरत विचारलं, "डॉक्टर तुम्हीच का?"

त्यांचा माळा धक्क्यालगतच्या गोदामावर होता. वर जायला अरुंद लाकडी जिना, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सगळ्यांनी चपला काढायच्या, मग तो गलबताचा मालक का असेना. कारण वरची जमीन म्हणजेच त्यांचं टेबल. लांबच लांब फळ्या, घासून घासून गुळगुळीत झालेल्या, एकही खिळा डोकं वर काढून नाही. त्यावर खडूने शिडाचा पुरा आकार काढायचा आणि कापडाचे पट्टे त्या रेघांवर अंथरत जायचं. भिंतीकडेला त्यांचं बुटकं बाकडं. बाकड्याला भोकं पाडलेली, त्यांत तीनधारी सुया उभ्या, बाजूला मेणाचा गोळा. उजव्या तळहातावर कातड्याची पट्टी, तिच्यात बसवलेली लोखंडी चकती. जाड्या कापडातून सुई बोटांनी जात नाही, ती तळव्याने ढकलावी लागते. इतकी वर्षं ढकलून त्यांचा तळवा मधोमध खोल झाला होता. हात मिळवला की समोरच्याला ते जाणवायचं आणि तो उगाच एकदा हाताकडे बघायचा.

शीड म्हणजे एक मोठी चादर, काठीला बांधली की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तो माळा बघायला हवा होता. पट्ट्याला पट्टा जोडताना शिवण टोकांना जरा रुंद धरायची आणि मध्ये जरा अरुंद. एवढ्याशा फरकाने शिडाला पोट येतं. सपाट शिडावरून वारा घसरून जातो, पोट असलं की त्यात मावतो. टाकेबुवांचं स्वतःचं पोट पाठीला चिकटलेलं, पण शिडाच्या पोटाविषयी बोलायला लागले की जेवायची शुद्ध राहायची नाही. आणि वजनाबद्दल तर ते कुणाचंच ऐकून घेत नसत. शीड हलकं हवं. जाड तुकडा लावायचा तो फक्त कोपऱ्यांना, जिथे दोर ओढतो तिथे. "जड शीड वारा पडला की मरतं आणि वारा चढला की मारतं," असं ते म्हणायचे. वारा चढला की शीड झटकन खाली यायला हवं, आणि गोधडीसारखं जड शीड कधी झटकन येत नाही.

आता त्यांच्या एका खुळाबद्दल सांगायला हवं, ज्याला मी तरी खूळ म्हणणार नाही. नवं शीड पहिल्या खेपेला निघालं की टाकेबुवाही निघायचे. नवं कापड पहिल्या वाऱ्यात ताणतं. ते कुठे जास्त ताणलं, कुठली शिवण ओढली गेली, हे शिडाखाली बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून बुवा डोलकाठीच्या बुंध्याशी बसायचे, एका बाजूला सुयांची पेटी आणि दुसऱ्या बाजूला बादली. बादली कशाला ते सांगायला नको. खलाशी पोट धरधरून हसायचे, त्यांच्यासाठी जेवणाचं ताट मुद्दाम समोर आणून ठेवायचे. पण बुवांशिवाय नवं शीड बाहेर काढायची हिंमत त्यांच्यातला एकही करत नसे. जे काम केल्याने आपल्याला मळमळून येतं, ते काम दर वेळी न बोलावता जाऊन करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

बुवांची बायको दोरवाली. सगळा धक्का तिला काकू म्हणायचा. दोर वळणं, दोराला दोर गाठ न मारता विणून जोडणं, कप्प्यांतून ओवणं, हे सगळं तिचं खातं. नवरा जितका मवाळ तितकी ही फटकळ. दोर ओढून बघताना ती पाय भिंतीला टेकवायची आणि अशी मागे झुकायची की बघणाऱ्याचा जीव वरखाली व्हायचा. "तुटला तर मी पडेन," म्हणायची, "भर समुद्रात दुसऱ्याने पडण्यापेक्षा बरं."

ह्या दोघांची एकुलती एक लेक चिमणी. लहानपणी ठेवलेलं लाडाचं नाव मोठेपणी कुणाला शोभू नये तर ते हिला. खांद्याने रुंद, आवाजाने खणखणीत, डोलकाठीवर अशी चढायची की खालच्यांनी मान मोडून बघावं. बोट लागणं वगैरे बापाकडेच राहिलं. पोरवयातच ती खलाशी झाली, मग सुकाणूवर उभी राहू लागली. आणि एके दिवशी मालकीणबाईंनी तिला बोलावून घेतलं. मालकीणबाईंची तीन गलबतं, कौलं आणि विटा वाहणारी. त्यांतल्या एकाचा तांडेल, म्हणजे गलबताचा कप्तान, थकून घरी बसला होता.

"गलबत तुला द्यावं असं माझ्या मनात आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "पण बाकीचे दोघे तांडेल कुरकुरतात. म्हणून एकच सांगते. कौलांची ही खेप त्यांच्या बरोबरीने पलीकडच्या बंदरात पोचवून दाखव. मागे राहिलीस तर पुन्हा खलाशी. जुनं शीड फाटलंय, नवं तुझ्या बाबांकडून शिवून घे."

बुवांनी ते ऐकलं आणि मेणाचा गोळा हातातून निसटून थेट जिन्यावरून खाली गेला.

त्यांनी शीड शिवायला घेतलं. अशी शिवण त्यांच्याही हातून आधी उतरली नव्हती. टाक्याला टाका लागून, दोरा कुठे सैल नाही की कुठे आवळलेला नाही. पोट तर असं साधलं होतं की नुसतं जमिनीवर पसरलेलं असतानाही ते दिसत होतं. काकूने उंबऱ्यातून बघितलं आणि काही बोलली नाही. काकू काही बोलत नाही म्हणजे काम उत्तम झालं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

इथे थांबायला हवं होतं. पण बुवा थांबले नाहीत. कोपऱ्यांना जाड तुकडे लावून झाले, मग त्यांना वाटलं, कडेलाही लावावेत. कडा झाल्या, मग वाटलं, खालच्या अंगाला एक अस्तर द्यावं, वारा तिथेच जास्त दाबतो. खालून सुरू झालेलं अस्तर चढत चढत पार अर्ध्याच्या वर गेलं. ज्या माणसाने आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या हातातून जाड कापड काढून घेतलं, तो आता कोठीतलं सगळ्यांत जाड कापड स्वतःच उलगडून बसला होता. रोज सकाळी त्यांना आणखी एक कमजोर जागा सापडायची. ती जागा कापडात नव्हती, पण हे त्यांना सांगणार कोण?

काकूने सांगितलं. घडी उचलायला गेली आणि मटकन खालीच बसली. "अहो, हे शीड आहे की गादी?"

"तू तुझे दोर बघ."

"माझे दोर मी नेहमीच्याच जाडीचे वळलेत. ती माझी पण लेक आहे."

"म्हणून तर म्हणतो, जरा जाड वळ."

"जाड दोर कप्पीत अडकतो. हे मला तुम्हीच शिकवलंत." एवढं बोलून काकूने पदर खोचला आणि उरलेला दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. तिला भांडून जिंकता आलं असतं. पण नवऱ्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिने बघितली होती, आणि खरं सांगायचं तर तिचंही काळीज लेकीसाठी तुटतच होतं. तिने मूग गिळले.

चिमणी शीड न्यायला आली. तिने एक कोपरा उचलला, अंगठा आणि बोट यांमध्ये कापड चोळून बघितलं. मग बापाकडे बघितलं. बुवा सुया पुसण्यात गढून गेल्याचं दाखवत होते.

"मस्त झालंय, बाबा," ती म्हणाली आणि घडी खांद्यावर टाकून जिना उतरली.

खेपेच्या दिवशी वारा अगदी मंद होता. तिन्ही गलबतं एकदमच सुटली. पहिल्यावर स्वतः मालकीणबाई बसल्या होत्या. थोड्याच वेळात ती दोन पुढे सरकली, मग चांगलीच पुढे गेली. चिमणीचं गलबत मात्र कौलांच्या ओझ्याखाली नुसतं डुलत राहिलं. वर तिरक्या काठीवर ते देखणं नवं शीड ओल्या कांबळ्यासारखं लोंबत होतं. वाऱ्याची झुळूक यायची, कापडाला हात लावायची आणि निघून जायची. चिमणीने दोर सैल केला, ओढला, सुकाणू थोडं इकडे, थोडं तिकडे. पुढच्या गलबतांवरचे खलाशी मागे वळून हात हलवत होते, आणि तो हात काही मायेचा नव्हता.

बुवा बुंध्याशी, बादलीला मिठी मारून. तशाही अवस्थेत मान वर करून ते शिडाकडे बघत होते. त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. पोट मेलं होतं. आत त्यांनीच इतक्या निगुतीने घातलेलं पोट त्यांच्याच अस्तराने दाबून मारलं होतं.

गलबतावर खारेआण्णा नावाचा म्हातारा खलाशी होता. बुवांच्या शिडांखाली त्याची उभी हयात गेली होती. तो येऊन शेजारी उकिडवा बसला आणि वर बघत म्हणाला, "बुवा, आमच्या शिडांना कधी अस्तर नसायचं."

बुवांची नजर शिडावरून हलली नाही.

"आम्ही कुणाची पोरं नव्हतो होय?" आण्णा हसत हसतच म्हणाला. "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!"

त्याने गंमत केली होती. बुवांना ती बोटीपेक्षा जास्त लागली. कारण खरं उत्तर त्यांना माहीत होतं. दुसऱ्यांच्या पोरांना त्यांनी हलकी शिडं दिली होती ती बेफिकिरीने नव्हे. हलकं शीडच माणसाला घरी आणतं, म्हणून दिली होती. सगळ्यांच्या पोरांना त्यांनी चांगलं ते दिलं, आणि स्वतःच्या पोरीला आपली भीती शिवून दिली. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर मळमळसुद्धा मागे राहिली.

ते बुंध्याला धरून उठले. "चिमे, शीड उतरव."

"बाबा, आत्ता उतरवलं तर आणखी मागे पडू."

"पडू. उतरव."

चिमणीने त्यांच्याकडे एकवार बघितलं आणि हाक दिली. शीड खाली यायला किती वेळ लागला ते सगळ्यांनी बघितलं. जाड घडी कप्पीपाशी अडकली, दोघांना वर चढून ती सोडवावी लागली. वारा चढलेला असता तर? हा प्रश्न कुणी विचारला नाही. बुवांनी मात्र तो स्वतःला विचारला.

मग त्या माणसाने डेकवर मांडी घातली, चाकू घेतला आणि स्वतःच्या हातच्या सगळ्यांत सुंदर शिडाचं अस्तर उसवायला बसला. खलाशी मदतीला सरसावले तसे ओरडले, "अस्तर धरून ठेवा फक्त! शिवणीला कुणी हात लावायचा नाही." चाकू एका टाक्याखाली, मग पुढच्या. मध्येच बादली जवळ ओढायचे, तोंड पुसायचे, परत चाकू. टाके इतके पक्के की निघता निघेनात. "काय मेल्याने शिवलंय!" असं ते स्वतःलाच म्हणाले, आणि खारेआण्णाला हसावं की रडावं कळेना. सगळ्या धक्क्याने ज्यांची शिवण डोक्यावर घेतली, ते आपल्या चुकीचं कातडं असं चारचौघांत सोलत होते. खाली मान नाही, सबब नाही. ह्याला मी हिंमत म्हणतो. वादळाशी झुंजणारे पुष्कळ असतात.

अस्तर निघालं, कडेचे तुकडेही निघाले. शीड परत वर गेलं, आणि ह्या वेळी दोन हातांत सरसरत गेलं. झुळूक आली. तीच मघाची एवढीशी झुळूक. शिवणी एकामागून एक ताणल्या, मधला भाग भरला आणि पोट आलं. गलबताच्या पुढच्या टोकाशी, नाळेखाली, पाणी बोलायला लागलं.

"चाललं! चाललं!" आण्णा ओरडला.

पण गेलेला वेळ काही परत येत नाही. ऊन कलताना चिमणीचं गलबत पलीकडच्या बंदरात शिरलं तेव्हा दुसऱ्या गलबताचे खलाशी धक्क्याला दोर बांधत होते. थोडंसंच, पण मागेच.

मालकीणबाई धक्क्यावर उभ्या होत्या. "मागे राहिलीस," त्या म्हणाल्या.

बुवा डुगडुगत पुढे झाले. "बाई, शीड मी शिवलं. चूक माझी आहे. पोरीचा त्यात काडीचा दोष नाही."

"आहे," चिमणी म्हणाली. "शीड जड आहे ते मला माळ्यावरच हाताला कळलं होतं. गलबतावर काय चढवायचं ते तांडेल ठरवतो. मी चढवलं."

बुवा तिच्याकडे वळले. "मग बोलली का नाहीस?"

"तुला काय बोलणार, बाबा?" ती एवढंच म्हणाली.

मालकीणबाईंनी बापलेकींकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चूक अंगावर घेतलीस म्हणून आणखी एक संधी देते. उद्या परत जायचंय. तू पुढे निघ, बाकीची दोन तुझ्या मागून. आपल्या बंदरात पहिली शिरलीस तर गलबत तुझं. ह्यापुढे मात्र मला काही ऐकवायचं नाही."

शिडाची पहिली खेप झाली होती, म्हणजे बुवांचं काम संपलं. परतीला ते नेहमीच जमिनीच्या रस्त्याने गाडीने जायचे. उजेड होता तोवर त्यांनी कोपरे तपासले, एका ठिकाणी दोरा ओढला गेला होता तो नीट केला आणि सुया पेटीत घातल्या.

सकाळी वारा वेगळाच होता. धक्क्यावरच्या दोऱ्या फटफट आपटत होत्या, पाण्यावर पांढऱ्या लाटा. गलबतं आता रिकामी, म्हणजे कालच्यापेक्षा हलकी आणि जास्त कलणारी. बाकीचे दोघे तांडेल हात बांधून मालकीणबाईंकडे बघत होते. चिमणी सुकाणूपाशी उभी होती. शीड काठीला गुंडाळलेलं, दोर मोकळे करून तयार. तीही मालकीणबाईंच्याच हाताकडे बघत होती.

मालकीणबाई बुवांच्या जवळ आल्या. "बुवा, मला खरं सांगा. हा वारा तुमचं शीड पेलेल का? तुम्ही नाही म्हणालात तर तिघांनाही थांबवते."

बुवांनी पांढऱ्या लाटांकडे बघितलं. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. 'जरा थांबलेलं बरं' एवढं म्हटलं की झालं, कुणीच त्यांना दोष दिला नसता. पोर आज इथेच राहिली असती, डोळ्यांसमोर. आणि उद्यापासून साऱ्या धक्क्याने म्हटलं असतं, बापाने थांबवली. ते दोघे तांडेल तर हीच वाट बघत होते.

त्यांनी काठीला गुंडाळलेल्या शिडाकडे बघितलं. एकेरी कापड, कोपऱ्यांना जाड तुकडे, बस. असली कितीतरी शिडं त्यांनी ह्याहून मोठ्या वाऱ्यात दुसऱ्यांच्या पोरांच्या डोक्यावर पाठवली होती, आणि तेव्हा विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर दिलं होतं.

"पेलेल," बुवा म्हणाले.

मालकीणबाईंनी हात वर केला. चिमणीने हाक दिली, शीड सरसरत गेलं आणि वर पोचायच्या आतच भरलं. गलबत एकदम कललं, धक्क्यावरच्या कुणीतरी 'अरे अरे' केलं, मग ते सावरलं आणि लाटा फोडत सुटलं. मागची दोन अजून दोरच सोडत होती.

बुवा धक्क्याच्या पार काठाला जाऊन उभे राहिले. मालकीणबाईंनी शेजारचं खोकं पुढे सरकवलं. "बसा जरा, बुवा."

"दिसतंय तोवर उभा राहतो," बुवा म्हणाले.